सिंहाचा डावा कान

आप्पांच्या बैठकीच्या खोलीतल्या एका खुर्चीच्या एका सिंहाला डावा कान नव्हता. गोष्ट एवढीच. दुसऱ्या कोणी ती तिथंच सोडून दिली असती आणि खुशाल चहा प्यायला असता. पण आप्पांनी पाणीपुरवठा खात्यात उभी हयात नकाशे काढण्यात घालवलेली. रेघ अर्धवट सुटलेली दिसली की या माणसाच्या पोटात दुखायचं. निवृत्त झाल्यावर तर शहराचे सगळे नळ दुसऱ्यांच्या ताब्यात गेले आणि आप्पांच्या वाट्याला उरलं एक घर, त्यात माई, आणि हा कान.

तरी त्यांच्यावर उगाच आळ नको. या भानगडीत ते हौसेनं पडले नव्हते. झालं असं, की डोळ्यांच्या डॉक्टरांनी माईंना बराच वेळ तपासलं, मग त्यांना बाहेर बाकावर बसवलं आणि आप्पांना एकट्याला आत बोलावलं. "गेलेली नजर परत येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "आहे तीही हळूहळू जाईल. कधी ते मी सांगू शकत नाही. त्यांना काही बघायचं असेल तर दाखवून घ्या." आप्पा बाहेर आले, रुमालानं चष्मा पुसला आणि माईंना म्हणाले, "अशक्तपणा आहे म्हणतात. गाजरं खायला सांगितलीत." माई म्हणाल्या, "बरं." इतकी वर्षं एका छपराखाली काढलेल्या माणसांना एकमेकांशी खोटं बोलायला फार शब्द लागत नाहीत.

घरी येताना आप्पांनी अगदी सहज विचारल्यासारखं केलं. "काय गं, तुला काही बघायचं राहिलंय का? समुद्र? बर्फाचे डोंगर वगैरे?"

"आता डोंगर कशाला? त्यांची माझी ना ओळख ना देख," माई म्हणाल्या. मग थोडं चालून गेल्यावर म्हणाल्या, "त्या आपल्या खुर्च्या एकदा पहिल्यासारख्या बघायच्यात. तांबड्या मखमलीच्या. मी आणल्या तेव्हा होत्या तशा."

या खुर्च्या माईंच्या. एक नाटकगृह बंद पडलं, त्याचं सामान लिलावात निघालं, आणि टेलिफोन खात्यात नुकत्याच लागलेल्या माईंनी पहिल्या पगारात राजाराणीच्या दरबारातल्या या दोन खुर्च्या उचलून आणल्या. तेव्हा घरात पलंग नव्हता, कपाट नव्हतं, धड चार ताटं नव्हती. पण सिंहासनं होती. उंच पाठ, पाठीवर टोकदार कमानी, कमानींवर पानांची दाटी, पिळाच्या दोरीसारखे वळलेले पाय, आणि हातांच्या टोकांना चार सिंहांची तोंडं. मखमल पुढे विरली आणि आप्पांनीच तिच्या जागी कॉफीच्या रंगाचं रेक्झिन बसवून घेतलं, टिकाऊ म्हणून. ते मेलं अजून टिकून होतं. उन्हाळ्यात उठताना माणसाला सोडायचं नाही.

तेव्हा ठरलं. मखमल बसवायची आणि जाता जाता तो कानही करून घ्यायचा. आठवड्याचं काम! आप्पा दुसऱ्याच दिवशी मोजपट्टी घेऊन खुर्चीपुढे ओणवे झाले. दार उघडं राहिलं ही त्यांची पहिली चूक.

तळमजल्यावरचे विमेवाले वर येत होते, ते आत आले. या गृहस्थांना कुठल्याही वस्तूकडे बघितलं की तिचा शेवट दिसायचा. "आप्पा, काय करताय हे? जुना माल आहे! जाणकाराला दाखवल्याशिवाय सुताराच्या हातात द्याल तर पस्तावाल. माझ्या साडूनं आजोबांचं घड्याळ असंच दुरुस्त करून घेतलं. आता वेळ बरोबर दाखवतं, पण घड्याळ राहिलं नाही."

त्यांच्या मागोमाग वरच्या मजल्यावरच्या हेडबाई. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, पण शाळा सुटली तरी चुका काढणं सुटलं नव्हतं. माईंचे पडदे आखूड, आप्पांचं अक्षर गिचमिड, विमेवाल्यांचा शर्ट बाहेर. एकदा सूर्यास्त बघून त्या म्हणाल्या होत्या, "जरा जास्तच झालाय." माईंशी त्यांचं येणं-जाणं इतक्या वर्षांचं, पण या घरातल्या एकाही वस्तूला त्यांच्या तोंडून चांगलं म्हणून घेता आलेलं नव्हतं.

हेडबाईंनी वाकून सिंहाचं निरीक्षण केलं. "हा सिंह नाही," त्या म्हणाल्या. "कुत्रा आहे. आणि तोही मार खाऊन आलेला."

आता सांगा, आपल्या बैठकीच्या खोलीत येऊन आपल्या सिंहाला कोणी कुत्रा म्हणालं तर माणसानं काय करावं? आप्पांना ते लागलं. फार लागलं. त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत, आणि संध्याकाळी कलाशाळेत शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांचा पत्ता काढून आले.

प्राध्यापक आले ते सरळ खुर्चीखाली शिरले. बराच वेळ नुसते पाय दिसत होते. मग आतून आवाज आला, "वा!" या 'वा'नं आप्पांचा जीव भांड्यात पडला. प्राध्यापक बाहेर आले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "पुनरुज्जीवन शैली."

"म्हणजे?"

"म्हणजे दीडेकशे वर्षांपूर्वी लोकांना आपल्या काळाचा कंटाळा आला आणि त्यांनी गेलेला काळ नव्यानं बनवायला घेतला. या कमानी बघा, या जुन्या चर्चच्या खिडक्यांच्या. हे पिळाचे पाय वेगळ्याच शतकातले, राजदरबारातले. पानं ग्रीक खांबांवरची. सिंह इटलीच्या वाड्यांमधले."

"एकाच खुर्चीत?"

"हाच तर या शैलीचा मोठेपणा. कोणी कोणाला ओळखत नाही, पण सगळे एकत्र नांदतात."

"आणि केली कुणी?" आप्पांनी आदरानं विचारलं. त्यांच्या डोळ्यांपुढे कोणी दाढीवाला परदेशी उस्ताद उभा होता.

"इथल्याच कुठल्या तरी सुतारानं, छापील चित्र बघून. कारागीर चांगला होता. फक्त सिंह त्यानं पाहिलेला नसावा."

माई आतल्या दारात उभ्या होत्या, त्या खुदकन हसल्या. आप्पा हसले नाहीत. त्यांनी विषय बदलला आणि कानाचं विचारलं. आणि इथून खरी साडेसाती सुरू झाली.

कारण प्राध्यापक म्हणाले, "कान बसवता येईल. पण कुठल्या शैलीचा?"

आप्पांना वाटलं होतं, कान म्हणजे कान. उरलेले सात बघायचे आणि आठवा करायचा. पण टॉर्च लावून बघितलं तर सात कानांत एकवाक्यता नव्हती. उजव्या खुर्चीतल्या सिंहांचे कान मांजरासारखे टोकदार, तर डाव्या खुर्चीतल्यांचे गोल. एक तर चक्क दुमडलेला. प्राध्यापकांच्या मते टोकदार कानांवर चर्चचा प्रभाव होता आणि गोल कानांवर इटलीचा. दुमडलेल्याबद्दल त्यांना वाचावं लागणार होतं. "घाई करू नका," ते जाताना म्हणाले. "चुकीचा कान लावण्यापेक्षा कान नसलेला बरा."

हे वाक्य आप्पांच्या डोक्यात बसलं. त्यांनी माळ्यावरून आपला नकाशे काढायचा फळा खाली काढला, पेन्सिलींना टोकं केली आणि कान काढायला घेतला. समोरून कान. बाजूनं कान. वरून कान. कानाचा उभा छेद. शहराच्या मुख्य जलवाहिनीचा नकाशासुद्धा त्यांनी इतक्या निगुतीनं काढला नव्हता. जिन्यात कोणी भेटलं की आप्पा त्याला धरून चर्च आणि इटली समजावून सांगू लागले. दूधवाला बाटल्या दाराबाहेर ठेवून पळायला लागला.

माई एकदा म्हणाल्या, "अहो, मखमलीचं काय झालं?"

"अगं, आधी कान!" आप्पा फळ्यावरून मान वर न करता म्हणाले.

त्यातच प्राध्यापकांचा निरोप आला, की काम सुरू करण्याआधी पुरातन वस्तूंच्या कार्यालयाची ना-हरकत घेऊन ठेवलेली बरी. आप्पा सरकारी नोकरीतच मुरलेले. कार्यालयाची त्यांना भीती नव्हती, उलट थोडी ओढच होती. इस्त्रीचा शर्ट घालून ते गेले. खिडकीमागच्या कारकुनानं विचारलं, "वस्तू जुनी आहे का?"

"आहे ना."

"मग हात लावता येणार नाही."

"तशी फार जुनी नाही," आप्पा घाईघाईनं म्हणाले.

"मग इथं कशाला आलात?"

"फार जुनी नाही असा दाखला पाहिजे."

"तो वस्तू तपासल्याशिवाय देता येत नाही," कारकून म्हणाला. "आणि जुनी नसलेली वस्तू तपासायचा या कार्यालयाला अधिकार नाही."

आप्पांनी मनातल्या मनात त्याला नमस्कार केला. आपल्या काळात खात्यात असा एक माणूस असता तर शहरात एक थेंब पाणी पोचलं नसतं, असं त्यांना वाटलं. पुढचे कितीतरी सोमवार त्या खिडकीपुढे गेले. शेवटी एक निरीक्षक आला. त्यानं दोन्ही खुर्च्यांना हातापासून हातापर्यंत पांढरी फीत बांधली, गाठीवर लाख लावली आणि निकाल येईपर्यंत कोणी बसायचं नाही असं बजावून गेला.

म्हणजे घरातल्या दोनच खुर्च्या, त्याही गेल्या. आप्पा फळ्यापुढच्या स्टुलावर बसत. माई पलंगाच्या कडेला बसून राहत, हात मांडीवर घेऊन. पूर्वी त्या पेपर वाचायच्या. आता म्हणायच्या, "त्याच त्या बातम्या, काय वाचायचं?" पूर्वी संध्याकाळी खिडकीशी उभ्या राहायच्या. आता रेडिओ लावायच्या. एकदा त्यांनी आप्पांना चहा दिला तो कप भरून बशीत आणि बशी भरून फळ्यावर आला. कानाच्या उभ्या छेदाचा लगदा झाला. आप्पांनी नकाशा झटकला, नवीन कागद लावला आणि म्हणाले, "हरकत नाही, नाहीतरी इटलीकडं जरा झुकलाच होता."

काय म्हणावं या माणसाला? ज्या कारणासाठी निघाला ते घरात, चार पावलांवर, भिंतीला हात लावत चाललं होतं. आणि हा बसलाय कान काढत. पण खरं सांगायचं तर तो कान होता म्हणूनच आप्पांचा दिवस जात होता. डॉक्टरांचं बोलणं ऐकल्यापासून त्यांना माईंच्या चेहऱ्याकडे नीट बघवत नव्हतं. लाकडाच्या सिंहाकडे बघणं सोपं होतं.

शेवटी निकाल आला. खुर्च्या आपल्या अखत्यारीत येत नाहीत असं कार्यालयानं कळवलं, सिंहांबद्दल मात्र मत राखून ठेवलं. आप्पांनी त्याच दिवशी सुताराला बोलावलं. सुतार बोलण्यात गोड आणि येण्यात उशिरा. त्यानं कानाचे नकाशे उलटेसुलटे करून बघितले आणि म्हणाला, "काका, एवढा कागद तर मी घर बांधतानासुद्धा वापरला नाही."

"यातलं काहीही आपल्या मनानं करायचं नाही," आप्पांनी ठणकावलं. "सगळं प्राध्यापकांना विचारून. ते म्हणतील तसं. मी जरी मध्ये आलो तरी माझं ऐकायचं नाही."

"लक्षात ठेवतो," सुतार म्हणाला. आणि त्यानं ठेवलं, हेच तर नडलं.

टेम्पोत खुर्च्या चढवताना माई दारापर्यंत आल्या. "तांबडी मखमल सांगितलीत ना?" त्यांनी विचारलं. आप्पांनी टेम्पोमागून ओरडून सांगितलं, "हो गं, हो!" खरंच सांगितली होती त्यांनी. कानाच्या गडबडीत, अगदी शेवटी, पण सांगितली होती.

पहिला कान झाला तो मोठा झाला. सिंह गायीच्या वासरासारखा दिसायला लागला. दुसरा बरोबर झाला, पण सरस धरेना आणि एका सकाळी तो सुताराच्या मांजरानं पळवला. मग प्राध्यापक परिसंवादाला गेले आणि त्यांना विचारल्याशिवाय तिसरा कान करायला सुतार तयार होईना. आप्पा रोज जाऊन त्याच्या दुकानात बसायचे. घरी आले की माईंना सिंहाची खबर सांगायचे. माई ऐकून घ्यायच्या. हल्ली त्या विचारायच्या नाहीत, ऐकून घ्यायच्या.

आणि मग एका सकाळी माई पलंगावर बसल्या बसल्या म्हणाल्या, "अहो, खुर्च्या आज आणा."

"अगं, कानाला पॉलिश व्हायचंय अजून."

"असू दे. जशा असतील तशा आणा. पण आजच आणा."

माईंनी असा आवाज काढल्याचं आप्पांना आठवत नव्हतं. रागावल्या असाव्यात, त्यांनी ताडलं. आणि रागावायला तिला हक्क आहे, असं पुटपुटत ते सुताराकडे गेले.

दुकानाच्या पुढच्याच भागात दोन्ही खुर्च्या मांडून ठेवलेल्या. लाकूड काळंभोर चमकत होतं. डावा कान असा बसला होता, की जन्मजात वाटावा. आणि बैठकीला, पाठीला, नवीकोरी, मऊसूत, हिरवी मखमल.

"हे काय?" आप्पांनी मखमलीला हात लावून बघितला. "हिरवी?"

"प्राध्यापकांचा फोन आला होता," सुतार म्हणाला. "म्हणाले, या शैलीला तांबडा उथळ दिसतो, गडद हिरवा घाला. तुम्हीच म्हणाला होतात ना, मी मध्ये आलो तरी माझं ऐकू नका?"

आप्पा मटकन त्याच हिरव्या मखमलीवर बसले. तांबडी मखमल मागवायला किती वेळ लागेल विचारलं, तर सुतारानं नुसते ओठ बाहेर काढले. माईंनी तर आजच म्हटलेलं. अखेर टेम्पो निघाला. सगळ्या रस्ताभर आप्पा मागे खुर्च्यांजवळ बसून सबबी जुळवत होते. तुला हिरवा आवडतो ना? हिरवा डोळ्यांना थंड. उन्हात बघितलं की तांबूस झाक मारतो. एकही सबब त्यांची त्यांना पटेना. एवढं एकच मागितलं होतं तिनं. आणि तेही धड जमलं नाही आपल्याला.

खुर्च्या वर आल्या. माई म्हणाल्या, "खिडकीशी ठेवा, उजेडात." हमाल गेले. आप्पा भिंतीला पाठ लावून उभे राहिले, चूक केलेल्या पोरासारखे. माई पुढे आल्या, हाताची घडी घातली आणि खूप वेळ बघत राहिल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "किती सुंदर. अगदी तोच तांबडा. मला वाटलं होतं, मिळायचा नाही."

आप्पांनी माईंकडे पाहिलं. किती तरी दिवसांनी पाहिलं. माई हसऱ्या चेहऱ्यानं बघत होत्या, पण दोन खुर्च्यांच्या मधल्या रिकाम्या जागेकडे. तिथं फरशी होती, उन्हाची तिरीप होती, बाकी काहीच नव्हतं.

"हो," आप्पा म्हणाले. "तोच तांबडा आहे."

माईंनी पुढे होऊन चाचपडत हात नेला, तो सिंहाच्या डोक्यावर पडला. कान त्यांच्या बोटांना लागला. "आला वाटतं एकदाचा," त्या म्हणाल्या आणि सावकाश खुर्चीत बसल्या. पाणी पिण्याच्या निमित्तानं आप्पा स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून नुसते उभे राहिले.

मग एकदम त्यांच्या लक्षात आलं. शेजारी! सबंध इमारतीनं टेम्पो बघितलेला. आता एकेक जण खुर्च्या बघायला येणार, आणि पहिलाच दारातून म्हणणार, अरे वा, हिरवा घातलात! नळ तसाच ठेवून आप्पा पायांत चपला न घालता खाली धावले. विमेवाले जिन्यातच भेटले. "काय आप्पा, हिरवा का—" त्यांनी सुरुवात केली आणि आप्पांनी त्यांच्या तोंडावर चक्क हात ठेवला. काय झालं ते त्यांनी तिथंच, पायरीवर उभं राहून सांगितलं. विमेवाल्यांनी एरवी कशावरही दोन तास सल्ला दिला असता. आज ते फक्त "बरं, बरं" म्हणाले आणि बाकीच्या दारांवर स्वतः गेले.

हेडबाईंच्या दारावर मात्र आप्पांनाच जावं लागलं. हेडबाईंनी सगळं ऐकलं. "मला खोटं बोलता येत नाही," त्या म्हणाल्या. "आयुष्यात एका मुलीच्या प्रगतिपुस्तकावर मी खोटा शेरा लिहिला नाही."

"मग येऊ नका," आप्पा काकुळतीला आले. "आज नका येऊ, एवढं करा."

दुपार कलल्यावर लोक येऊ लागले. आणि खोटं बोलायचं म्हटल्यावर माणसांना जो हुरूप येतो तो काय वर्णावा! विमेवाले म्हणाले, "लालभडक! डोळे दिपले हो!" पलीकडच्या घरातली सून म्हणाली, "डाळिंबाच्या दाण्यासारखा रंग आहे." दूधवाला, ज्याला कोणी विचारलं नव्हतं, तो दारातूनच ओरडला, "माई, तांबडी झाली हो खुर्ची!" आप्पा प्रत्येक वेळी खिडकीबाहेर बघत होते. माई राणीसारख्या बसून सगळ्यांचं ऐकत होत्या, हसत होत्या.

आणि हेडबाई आल्या. हेडबाई खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या. हिरव्या मखमलीकडे बघितलं, माईंकडे बघितलं. पदराशी जरा चाळा केला.

"उत्तम आहे रंग," त्या म्हणाल्या. "तांबडाच. तुम्हाला शोभतो." आणि पाणीसुद्धा न घेता निघून गेल्या. जिन्यात त्यांची पावलं बराच वेळ वाजली नाहीत.

घर रिकामं झालं. आप्पांनी दार लावलं आणि माईंच्या शेजारच्या खुर्चीत बसले.

"अहो," माई म्हणाल्या. "हेडबाईंनी नावं ठेवली नाहीत."

"आवडली असेल खुर्ची."

"इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या चमच्यालासुद्धा बरं म्हटलेलं नाही. आज रंग उत्तम म्हणाल्या, वर शोभतो म्हणाल्या." माईंचा आवाज अगदी शांत होता. "खरा रंग कोणता आहे?"

आप्पांनी मखमलीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "हिरवा."

"अगं बाई!" माईंनी तोंडावर हात नेला आणि त्यांना हसू फुटलं. हसता हसता खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि कुठल्या क्षणी हसणं थांबलं ते आप्पांना कळलंच नाही.

"कधीपासून दिसत नाही?" त्यांनी विचारलं.

"त्या पांढऱ्या फितीच्या वेळी कमीच झालं होतं. खुर्च्या नेल्या तेव्हा टेम्पो दिसला, खुर्च्या नाही दिसल्या. तरी रोज सकाळी उठून बघायची, खिडकी दिसते का. गेल्या आठवड्यापर्यंत खिडकी दिसायची. आज उठले तर खिडकी नव्हती."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलं ते तुम्ही मला सांगितलं होतंत? गाजरं खा म्हणालात." माईंनी हात पुढे केला, तो आप्पांच्या गुडघ्यावर आला. "तुम्ही एवढे धावत होतात. मी म्हटलं, आहे ती नजर पुरवू थोडे दिवस. नाही पुरली."

आप्पा रडले. मोठ्यानं रडले, लाज न बाळगता. एका कानासाठी मी तुझे दिवस घालवले, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. माईंनी त्यांना म्हणू दिलं. समजूत घातली नाही, कारण ते खरंच होतं. फक्त गुडघ्यावरचा हात काढला नाही.

बराच वेळ गेला. मग माई म्हणाल्या, "कसला हिरवा?"

"अं?"

"हिरवे पुष्कळ असतात. हा कसला आहे?"

आप्पांनी डोळे पुसले. "प्राध्यापकांच्या म्हणण्याप्रमाणे या शैलीत—"

"प्राध्यापक राहू देत. तुम्ही सांगा."

आप्पांनी घसा साफ केला. जन्मभर त्यांनी काळ्या शाईच्या रेघा ओढल्या होत्या, रंगाशी कधी संबंध आला नव्हता. "गडद आहे," ते म्हणाले. ते पुरेसं नव्हतं हे त्यांनाही कळलं. माई वाट बघत होत्या, चेहरा त्यांच्याकडे वळवून. आप्पा खुर्चीतून उठले, माईंच्या पायांशी फरशीवर बसले आणि मखमलीजवळ तोंड नेलं.

"थांब," ते म्हणाले. "मला आधी नीट बघू दे."